साखरेच्या रॅकमागचं पुस्तक

"मॅडम, हे काय आहे?"

प्राचार्य सरांनी पुस्तक टेबलावरच्या काचेवरून माझ्याकडे सरकवलं. दोन बोटांनी. ओली चप्पल बाजूला सारावी तसं.

मी पुस्तक लांबूनच ओळखलं. मुखपृष्ठावर पाऊस, एक सायकल आणि सायकलवर दोन मुली. एक चालवणारी, दुसरी पुढे दांड्यावर. हे पुस्तक मी तीन वेळा वाचलं होतं. पहिल्या वेळी रडले होते. पण मी चष्मा वर सरकवला, पुस्तक उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "बघते सर. कुठे सापडलं?"

नवीन वस्तू हातात आल्याचं नाटक मला इतकं छान जमेल असं वाटलं नव्हतं.

"स्टॉक व्हेरिफिकेशनमध्ये सापडलं. शुगर टेक्नॉलॉजीच्या रॅकवर, बाउंड व्हॉल्यूमच्या मागं. लपवून ठेवलेलं. आत काय चित्रं आहेत ती बघा जरा."

मला बघायची गरज नव्हती.

आधी थोडं समजावून सांगते. मी अठ्ठावीस वर्षं कराडच्या बाजूच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. आर्ट्स, सायन्स आणि आजूबाजूला साखर कारखाने म्हणून शुगर टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा. स्टॉक व्हेरिफिकेशन म्हणजे ग्रंथालयाची झाडाझडती. लायब्ररीत येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला एक ॲक्सेशन नंबर मिळतो, तो रजिस्टरमध्ये चढतो आणि वर्षातून एकदा दुसऱ्या विभागातले शिक्षक येऊन एकेक नंबर ताडून बघतात. बाउंड व्हॉल्यूम म्हणजे मासिकांचे वर्षभराचे अंक एकत्र शिवून केलेला जाडजूड ग्रंथ. आमच्याकडे साखरेवरच्या मासिकांचे असे चाळीस होते, कुणीतरी देणगी म्हणून दिलेले. अठ्ठावीस वर्षांत त्यातला एकही कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. त्यांच्यामागे चार बोटं जागा राहायची.

आता पुस्तक. ते ग्राफिक नॉव्हेल होतं, म्हणजे चौकटी-चौकटींच्या चित्रांतून सांगितलेली कादंबरी. परदेशातलं बंदराचं गाव. सोळा वर्षांच्या दोन मुली. एकीचा बाप फेरीबोट चालवतो, दुसरी गावात नवीन आलेली. एका म्हाताऱ्या बाईचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत, टांगलेल्या ट्यूबांच्या खाली, या दोघी एकमेकींच्या प्रेमात पडतात. पुढे एकीच्या भावाला कळतं आणि तिला गाव सोडून जावं लागतं. शेवटच्या चार पानांत एक शब्द नाही.

मला ते सांगलीच्या पुस्तक प्रदर्शनात मिळालं. कॉलेजच्या खरेदीसाठी गेले होते. हातात फिजिक्सची यादी होती. हे सहज उघडलं आणि उभ्या उभ्या तीस पानं वाचली. शेवटी स्टॉलवाल्यानं स्टूल आणून दिलं. परतीच्या एसटीत इस्लामपूर कधी गेलं कळलं नाही. का रडले ते पुढे येईलच.

ते मला लायब्ररीत हवंच होतं. खरेदीच्या यादीत मी त्याच्यापुढे 'चित्रकला' असं लिहिलं. आमच्या कॉलेजात चित्रकला हा विषयच नव्हता. यादीवर सह्या करणाऱ्या तिघांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही. मी स्वतःवर फार खूश झाले. काउंटरसमोरच्या शेल्फवर, कलेच्या पुस्तकांत, सगळ्यांना दिसेल असं लावलं. बरोबर सीसीटीव्हीच्या खाली.

त्यानंतर एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. ते पुस्तक जागेवर राहीना. महिना-दोन महिन्यांनी बघावं तर साखरेच्या रॅकमागे. मी परत आणून जागेवर लावायचे. तीनदा लावलं. ग्रंथपालाच्या धंद्यात चुकीच्या जागी लावलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक, हे वाक्य मी दर वर्षी नव्या मुलांना ऐकवायचे. तिसऱ्या वेळी शिर्के मामांना चारचौघांत बोलले. शिर्के मामा म्हणजे आमचे लायब्ररी अटेंडंट. मूळचे पाटणकडचे, सातवी पास. परत आलेली पुस्तकं शेल्फवर लावायचं काम त्यांचं. "मामा, नंबर बघून लावत जा हो, ही काय भाजी आहे का?" ते म्हणाले, "व्हय मॅडम." बस्स.

तर आता केबिन.

"कुणी मागवलं हे?" सरांनी विचारलं.

"लॉटमध्ये आलं असेल सर. विक्रेते कधीकधी घुसडतात."

शिफारशीच्या कागदावर माझी सही होती. फाइल शेजारच्या ऑफिसात होती. पण सर माझ्यावर विश्वास ठेवायचे. पंचवीस वर्षांची माझी तेवढी कमाई होती आणि ती मी तिथे वापरली.

"आणि वाचतं कोण?"

मी शेवटचं पान उघडलं. तिथे ड्यू डेट स्लिप चिकटवलेली असते. पुस्तक घरी नेलं की तीवर परत करायची तारीख पडते. आमच्याकडे तारखेच्या जोडीला वाचकाचं पूर्ण नावही लिहायचे. ही पद्धत माझी. कुणाला पुस्तक हवं असेल तर आधी कुणी वाचलंय ते कळावं, मुलांनी आपसांत चर्चा करावी, असा माझा उदात्त हेतू. विद्यापीठाच्या एका कार्यशाळेत मी त्यावर निबंधही वाचला होता.

स्लिप कोरी होती.

"कुणीच नाही सर," मी ती स्लिप त्यांना दाखवत म्हणाले. "एकदाही इश्यू झालेलं नाही."

मी स्वतः तीन वेळा वाचलं होतं. पण ग्रंथपालाला स्लिपवर नाव लिहावं लागत नाही. शनिवारी पिशवीत टाकायचं, सोमवारी परत आणायचं.

"कुणी वाचत नाही, तर मग तिथं मागं गेलं कसं? पाय फुटले का त्याला?" सर म्हणाले. "असं करू, कॅमेऱ्याचं फुटेज काढू. कोण कोण त्या रॅककडे जातंय ते दिसेल. आईवडलांना बोलवून घेऊ. उद्या कुणी पालक येऊन माझ्या टेबलावर हे आपटण्यापेक्षा आपण आधीच बघितलेलं बरं."

"नको सर," मी म्हणाले. "शिर्के मामांनी चुकून लावलं असेल. इंग्रजी नंबर त्यांना नीट कळत नाहीत. मी आधीही त्यांना सांगितलंय."

सरांनी मान डोलावली. त्यांनाही फुटेज बघत बसायचं नव्हतं.

नंतर मी स्वतःला असं सांगून बघितलं की मुलींना वाचवायला मी मामांचं नाव घेतलं. ते खोटं आहे. मुली आहेत हेच मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच हवं होतं की हा विषय पुस्तक कुणी मागवलं या प्रश्नाकडे परत वळू नये. त्यासाठी हाताशी जे माणूस होतं ते मी पुढे केलं.

मामांना मेमो निघाला. 'ग्रंथांची मांडणी करताना हलगर्जीपणा केल्याबद्दल लेखी खुलासा सादर करावा.' लायब्ररीचा मेमो म्हणून मसुदा मलाच करायला सांगितला. मी केला. मग मामा तो कागद घेऊन माझ्याकडेच आले, कारण त्यांचे रजेचे अर्ज, पतपेढीचे अर्ज, नातीच्या शाळेचे अर्ज, सगळं मीच लिहून द्यायचे.

"मॅडम, याचं काय लिवायचं आसतंय?"

"तुम्ही लावलं होतं का मामा ते तिथं?" मी विचारलं. कागदाकडे बघत.

मामा म्हणाले, "तुमी म्हणताय तर लावलं आसंल."

मी त्यांचा खुलासा लिहिला. 'माझ्याकडून अनवधानाने चूक झाली. पुन्हा असे होणार नाही.' आरोपही माझ्या अक्षरात आणि कबुलीही माझ्या अक्षरात. मामांनी खाली सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. त्यांच्या रिटायरमेंटला सात महिने होते. तीस वर्षांच्या फाइलीत हा पहिला मेमो.

पुस्तकाचं निर्लेखन करायचं ठरलं. म्हणजे राइट-ऑफ. फाटलेली, जुनी झालेली किंवा पाच वर्षांत कुणी न वाचलेली पुस्तकं यादी करून रजिस्टरमधून काढून टाकतात. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मागणी नाही'. पहिल्या पानावर 'रद्द' असा शिक्का मारला. शिक्का नेमका तिथल्या सायकलच्या चाकावर बसला. पुस्तक रद्दीच्या पोत्यात गेलं आणि संध्याकाळी लायब्ररी बंद करताना मी ते पोत्यातून काढून पिशवीत घातलं. तेवढं धाडस मात्र होतं माझ्यात, कुणी बघत नसताना.

पुढच्याच आठवड्यात एक मुलगी आली. तिचं नाव इथे तेजश्री म्हणते. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, माण तालुक्यातली, हॉस्टेलवर राहणारी. वडील मुंबईला माथाडी कामाला. अभ्यासात बरी, बोलायला कमी. मी कॅटलॉगच्या कपाटाआड खाली बसून जुनी कार्डं लावत होते. तिला मी दिसत नव्हते. ती मामांपाशी गेली.

"मामा, साखरंच्या मागचं कुटं गेलं?"

"गेलं पोरी. रद्दीत."

मी कपाटाच्या फटीतून बघितलं. ती हाताने टेबलाची कड घट्ट धरून उभी होती.

"मॅडमला इचारून बग की," मामा म्हणाले. "मिळंल येखांदं दुसरं."

"नगं," ती पटकन म्हणाली. "मॅडमला न्हाई. मामा, मॅडमला कायसुदिक सांगू नगा. माज्या गळ्याची शपत हाय."

ती गेली. मी खाली बसल्या बसल्या कार्डं लावत राहिले. ए ते सी एवढी लावली असतील, तीही चुकली.

अठ्ठावीस वर्षं मी मुलींमध्ये होते. त्यांच्या लग्नाच्या पत्रिका मला यायच्या. घरी भांडण झालं तर रडायला माझ्याकडे यायच्या. आणि ज्या एका गोष्टीत मी या पोरींना सगळ्यात जवळची असायला हवी होते, तिच्यात त्यांनी मला शपथ घालून बाहेर ठेवलं होतं. मला राग यायला हवा होता. आली ती लाज. कारण तिचा हिशेब बरोबर होता.

दुपारी मामांना विचारलं. ते आधी टाळत होते. मग म्हणाले, "आवं मॅडम, चार-पाच पोरी हायत. येकदम न्हाई येत. येक आत बसून वाचती, दुसरी भाईर टेबलाव. दाराकडं बगत."

"घरी का नेत नाहीत?"

"घरी?" मामा माझ्याकडे बघतच राहिले. "तुमी मागं नाव लिवाय लावताय की."

माझा तो उदात्त हेतू. निबंधही वाचला होता.

"आणि मोबाइलवर मिळतं की आता सगळं."

"मोबाइल भाऊ बगतोय, चुलता बगतोय. साखरंचं रॅक कोन बगतंय?"

"तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"पैल्यापासनं. आदी वाटलं, परीक्षेचं कायतरी चोरून वाचत्यात. मग येक दिस म्या चित्रं बगितली."

"मग?"

"मग काय? पोरी वाचत्यात. लायब्ररी हाय न्हवं?"

मी समोरचं रजिस्टर मिटलं.

"तुमी तीनदा काडून म्होरं लावलं," मामा म्हणाले, "म्या तीनदा न्हेऊन मागं ठिवलं. पोरी म्होरच्या शेल्फाकडं जात न्हाईत मॅडम. तितं वर क्यामेरा हाय."

म्हणजे केबिनमध्ये मी जे खोटं बोलले ते खरं निघालं होतं. मामांनीच लावलं होतं. फक्त चुकून नाही. पुस्तकाची जागा कुठली हे सातवी पास मामांना कळलं होतं आणि मी लायब्ररी सायन्सची पदवी घेऊन ते पुस्तक तीन वेळा पोरींच्या हातातून काढून कॅमेऱ्याखाली नेऊन ठेवलं होतं. आणि त्यासाठी मेमो कुणाला, तर त्यांना.

"तेव्हा का नाही सांगितलंत मला? खुलासा लिहिताना?"

"सांगून पोरींची नावं आली आसती की कागदाव."

त्या रविवारी मिस्टर साताऱ्याला लग्नाला गेले होते. मी दुपारी पुस्तक घेऊन बसले. चौथं वाचन.

पहिल्या तीन वेळी मी ते घाईने वाचलं होतं, कुणी आलं तर झाकायची तयारी ठेवून. या वेळी आधी पुस्तकच निरखून बघितलं. कोपरे मऊ पडले होते. कडा हातांनी काळवंडल्या होत्या. ज्या पानावर एक मुलगी दुसरीचे पावसात भिजलेले केस पुसते, ते पान तर शिवणीतून सुटायच्या बेतात आलेलं. बोटांचे ठसे होते. असं पुस्तक बघून पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा सांगेल की हे भरपूर वाचलं गेलंय. मी केबिनमध्ये हातात धरून 'कुणीच वाचत नाही' म्हणाले होते. मी स्लिप बघितली. पानं बघितली नाहीत.

केस पुसण्याच्या त्याच पानावर मी पहिल्या वेळी एसटीत रडले होते. मी सांगलीला शिकायला होते तेव्हा विश्रामबागच्या हॉस्टेलवर विजया माझी रूममेट होती. जतची. दर रविवारी ती माझे केस धुऊन द्यायची आणि गच्चीवर उन्हात बसून पंच्याने पुसायची. दोन वर्षं. आमच्यात जे होतं त्याला आम्ही मैत्री म्हणायचो, कारण दुसरा शब्द आमच्याकडे नव्हता. माझं लग्न ठरलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. नंतर पत्रं यायची. सासूबाई ती फोडायच्या, म्हणून मी उत्तरं देणं बंद केलं. ते प्रेम होतं. हे वाक्य मी साठाव्या वर्षी पहिल्यांदा लिहिते आहे. माझे मिस्टर हे वाचतील. वाचू देत. माणूस चांगला आहे, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तर मी वाचत गेले आणि त्या पानाशी आले जिथे मुलीचा भाऊ दुकानात येतो. 'माझी बहीण इथे आहे का?' असं विचारतो. दुकानवाली म्हातारी काही बोलत नाही. फडक्याने हात पुसत उभी राहते. आधीच्या तिन्ही वेळी मला ती म्हातारी फार आवडली होती. किती समजूतदार, मला वाटायचं, एक शब्द बोलली नाही. या वेळी मला चौकटीच्या कोपऱ्यात तिचे डोळे दिसले. ती मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होती. पुढच्याच चौकटीत भाऊ सरळ त्या दाराकडे जातो.

ती बोलली नाही. तिने नुसतं बघितलं आणि पोरी सापडल्या.

मी ते पान कितीतरी वेळ उघडं ठेवून बसले. इतकी वर्षं मी या पुस्तकात स्वतःला त्या दोघींपैकी एक समजत होते. मी तर फडक्याने हात पुसणारी बाई होते. चहा करायला उठले आणि दूध उतू जाईपर्यंत ओट्यापाशी उभी राहिले.

सोमवारी मी अर्ज लिहिला. पुस्तक मीच मागवलं होतं, शिर्के यांचा दोष नाही, त्यांचा मेमो रद्द करून मला द्यावा. सरांनी तो दोनदा वाचला आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, मामा सात महिन्यांत घरी जातील. त्यांच्या फाइलला काय होतंय? तुमची अजून दोन-अडीच वर्षं आहेत. आणि हे कागदावर आलं की लोक विचारणार, मॅडमनी असलं पुस्तक का मागवलं? काय सांगाल?"

ते हे प्रेमाने बोलत होते. त्यांनी अर्ज टेबलाच्या खणात ठेवला.

ज्यांनी सरकारी किंवा निमसरकारी नोकरी केली आहे त्यांना सांगायला नको, की कागद खरा होतो तो इनवर्ड नंबर पडल्यावर. आवक रजिस्टरमध्ये नोंद झाली की कुणी तो गिळू शकत नाही. खणात गेलेला कागद म्हणजे न लिहिलेला कागद. मला हे पक्कं माहीत होतं. दोन टेबलं पलीकडे आवक क्लार्क बसला होता. मी "बरं सर" म्हणाले आणि बाहेर आले. त्याच्या टेबलावरून पुढे गेले.

मामा तो मेमो घेऊनच रिटायर झाले.

निरोप समारंभाच्या आधी त्यांनी मला किल्ल्यांचा जुडगा दिला. मी म्हणाले, "मामा, माझं चुकलं. मी तुमचं नाव घ्यायला नको होतं."

"जाऊ द्या की मॅडम," ते म्हणाले. मग जरा पुढे होऊन हळूच, "त्या रॅकची धूळ मातर तुमीच झाडा. नव्या शिपायाला सांगू नगा."

त्यांना पोत्यातलं पुस्तक मी नेल्याचं माहीत होतं. त्यांना सगळंच माहीत असायचं.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक परत आणलं. सुटत आलेलं पान चिकटवलं. रजिस्टरमधून ते गेलेलं होतं, म्हणजे कागदोपत्री ते जगात नव्हतं. नंबर नसलेलं पुस्तक शेल्फवर ठेवणं हा आमच्यात गुन्हा. मी शेवटच्या पानावरची ती कोरी स्लिप बघितली, पेन काढलं आणि पहिल्या ओळीत लिहिलं: सौ. सुनंदा जंगम, ग्रंथपाल. तारीख घातली. त्याखाली आणखी तीन वेळा तेच. चार वाचनं, चार नोंदी. आणि साखरेच्या मागे ठेवून दिलं.

मला वाटलं, पुढची मुलगी ते उघडेल आणि तिला कळेल. मला वाटलं, एवढ्याने जमेल.

जूनमध्ये तेजश्री नो ड्यूजला आली. कॉलेज सोडताना दाखला हवा असेल तर प्रत्येक विभागाची सही लागते, लायब्ररीचीही. मी कॉम्प्युटरवर तिचं खातं बघितलं. तीन वर्षांत एकोणीस पुस्तकं, सगळी अभ्यासाची, सगळी वेळेवर परत. मी सही केली. काउंटरपाशी कुणी नव्हतं.

फॉर्म देताना मी आवाज खाली आणून म्हणाले, "तेजश्री, जायच्या आधी साखरेच्या रॅककडे एकदा जाऊन ये. ते परत ठेवलंय मी."

तिचा चेहरा क्षणात कोरा झाला. तिने पुस्तकांच्या दिशेला बघितलंसुद्धा नाही.

"कसलं रॅक मॅडम? मला न्हाई म्हाईत," ती म्हणाली. "म्या बीएस्सीची हाय."

किती सहज म्हणाली. चष्मा नव्हता, नाहीतर तिनेही वर सरकवला असता. मी त्याच स्वरात केबिनमध्ये 'बघते सर, कुठे सापडलं' म्हणाले होते. हा स्वर मुली कुठे शिकतात असा प्रश्न मला पडायचं कारण नव्हतं.

"बरं," मी म्हणाले. "चुकलं माझं. दुसरीच कुणीतरी वाटली."

ती दारापर्यंत गेली. तिथे चप्पल घालताना एकदा वळून बघितलं. माझ्याकडे नाही, छताला लावलेल्या कॅमेऱ्याकडे. मग गेली. पुन्हा भेटली नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. स्लिपवर नाव लिहायची पद्धत बंद केली, आणि 'मागणी नाही' हे कारण निर्लेखनाच्या यादीत पुन्हा कधी लिहिलं नाही. आधी पानं बघायची, मग स्लिप. नव्या ग्रंथपालांना माझा तेवढाच सल्ला. काउंटरमागची माझी खुर्चीही मी फिरवून घेतली, तोंड बाहेरच्या दाराकडे, पाठ रॅककडे. शेवटची दोन वर्षं तशीच बसले.

माझा अर्ज अजून त्या खणात असेल, नाहीतर नसेल. मामांचा मेमो त्यांच्या फाइलीत आहे. म्हणून हे लिहिलं. याला इनवर्ड नंबर नाही, पण निदान खण नाही.

शेवटी एक खुलासा, या वेळी माझा स्वतःचा. तेजश्री माणची नाही आणि बीएस्सीचीही नव्हती. आणि हे वाचून कुणी आमच्या लायब्ररीत साखरेच्या रॅकमागे हात घालणार असेल, तर त्याने ते कष्ट घेऊ नयेत. तिथे धूळ आहे. पुस्तक कधीच त्या रॅकवर नव्हतं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी पुस्तकाची जागा वाचकाला कधी चुकीची सांगितली नव्हती. ही पहिली वेळ.